पडद्यावरचा कन्फ्यूशियस

ज्याने कोणतेही राज्य जिंकले नाही, कोणतीही लढाई मारली नाही, ज्याला विषाचा प्याला घ्यावा लागला नाही की क्रूसावर चढावे लागले नाही, ज्याच्या आयुष्यातील बहुतेक सर्व महत्त्वाची कृत्ये केवळ बोलण्याच्या स्वरूपाची होती आणि जो इ. स. पूर्व ४७९ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, शिष्यांच्या सहवासात आजारपणाने वारला, अशा पुरुषाचे चरित्र चित्रपटात कसे मांडावे, हा प्रश्न चिनी चित्रपटसृष्टीने आजवर निदान दोनदा तरी गंभीरपणे हाती घेतला. पहिल्यांदा तो फेई मू या दिग्दर्शकाने १९४० मध्ये शांघायला घेतला आणि दुसऱ्यांदा हू मेइ या दिग्दर्शिकेने २०१० मध्ये. या दोन प्रयत्नांमध्ये सत्तर वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात खुद्द कन्फ्यूशियसची चीनमधील पतप्रतिष्ठा इतक्या वेळा चढली आणि उतरली की चित्रपटांचा विचार करताना त्या चढउतारांना वगळून चालणार नाही.

आधी साधनांविषयी दोन शब्द. कन्फ्यूशियसचे सलग चरित्र प्रथम लिहिले ते सिमा चियान या हान राजवटीतील इतिहासकाराने, आणि तेही मूळ पुरुषाच्या मृत्यूनंतर पावणेचारशेहून अधिक वर्षांनी. शिष्यपरंपरेने जपलेला वीस भागांचा संवादसंग्रह त्याहून जुना, परंतु त्यात कालक्रम नाही, प्रसंगाचे वर्णन बहुधा एखाद्या वाक्यापुरतेच, आणि पुष्कळदा गुरूचे उत्तर तेवढे उरले असून प्रश्न कोणत्या परिस्थितीत विचारला गेला याचा थांग लागत नाही. या साधनांतून जी रूपरेषा निघते ती अशी. इ. स. पूर्व ५५१ मध्ये लू नावाच्या लहानशा राज्यात, आजच्या शान्तुंग प्रांतातील चूफूच्या परिसरात, एका वृद्ध योद्ध्याच्या पोटी जन्म, बालपणीच पितृवियोग आणि दारिद्र्य, पन्नाशीच्या सुमारास एका परगण्याची मामलेदारी, मग बांधकाम खाते आणि शेवटी न्यायखात्याचे प्रमुखपद, राजाला नामधारी करून मुलुखाचा अंमल आपसांत वाटून घेतलेल्या तीन सरंजामदार घराण्यांच्या गढ्या पाडण्याचा प्रयत्न आणि त्यातील अपयश, इ. स. पूर्व ४९७ मध्ये देशत्याग, वेइ, सुंग, छन, त्साइ अशा दरबारांचे उंबरठे झिजवीत चौदा वर्षांची भटकंती, आणि इ. स. पूर्व ४८४ मध्ये परत येऊन अध्यापनात घालविलेली अखेरची वर्षे, ज्यांत मुलगा वारला, यान हुइ हा लाडका शिष्य वारला आणि झिलू हा दांडगा, सरळमार्गी शिष्य वेइच्या यादवीत मारला गेला.

ही रूपरेषा पाहिली म्हणजे दोन गोष्टी लक्षात येतात. ज्याला लौकिक अर्थाने यश म्हणता येईल असा काळ या त्र्याहत्तर वर्षांत जेमतेम चारपाच वर्षांचा आहे, आणि उरलेले सारे आयुष्य नाकारले जाण्याचा वृत्तान्त आहे. म्हणून माझ्या मते या पुरुषावर चित्रपट काढणाऱ्याची खरी परीक्षा एवढीच, की तो त्या चारपाच वर्षांत रमतो की त्या वृत्तान्तात.

चिनी तत्त्वज्ञ पडद्यावर येण्याची कथा मात्र कन्फ्यूशियसपासून सुरू होत नाही; ती झ्वांग्झीपासून, आणि तीही विनोदाने सुरू होते. हाँगकाँगचा पहिला कथापट म्हणून ज्याची गणना होते आणि ज्याचे साल सामान्यतः १९१३ धरतात, तो ‘झ्वांग्झी पत्नीची परीक्षा घेतो’ हा लहानसा पट होय. आपण मेल्याचे सोंग करून बायकोच्या निष्ठेची कसोटी पाहणारा तत्त्वज्ञ, ही त्यातली लोककथा. त्यात पत्नीची भूमिका लाइ मान-वाइ या पुरुषाने केली आणि त्यांच्या खऱ्या पत्नीने, यान शानशान यांनी, दासीची लहानशी भूमिका करून चिनी पडद्यावर पहिले स्त्रीपाऊल टाकले. त्याच वर्षी मुंबईत दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’त अण्णा साळुंके तारामती झाले होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. झ्वांग्झी असा हसतखेळत पडद्यावर आला, कारण त्याच्या नावावर कोणाची वहिवाट नव्हती.

कन्फ्यूशियसची गोष्ट निराळी. चूफूचे कुंग घराणे, म्हणजे त्याच्या वंशजांचे घराणे, हे जगातील अत्यंत दीर्घकाळ चाललेले वतनदार घराणे म्हणावे लागेल. १०५५ मध्ये सुंग सम्राटाने या घराण्याच्या प्रमुखाला दिलेली सरदारकी, राजवटी आल्या आणि गेल्या तरी, १९३५ पर्यंत चालू राहिली आणि त्या वर्षी तिचे रूपांतर पूजाविधीच्या एका सरकारी अधिकारपदात झाले. देवस्थान, जमिनी, मान आणि पूर्वजाच्या प्रतिमेवरील हक्क हे सारे एकाच दप्तरात बांधलेले असल्यामुळे त्या प्रतिमेला कोणी हात लावला की अर्ज-फिर्याद ठरलेली. लिन युटांग या विनोदी वृत्तीच्या लेखकाने १९२८ मध्ये कन्फ्यूशियस आणि वेइची राणी नान्झी यांच्या भेटीवर एक एकांकिका लिहिली. या भेटीचा उल्लेख खुद्द संवादसंग्रहात आहे: गुरू त्या बदलौकिकाच्या राणीला भेटून आल्यावर झिलू रुष्ट झाला आणि आपण काही गैर केले असेल तर आकाश आपला त्याग करो, अशी शपथ गुरूला घ्यावी लागली. सिमा चियानने राणी पडद्याआड होती आणि तिने परतनमस्कार करताना तिच्या अंगावरील जेडच्या अलंकारांचा आवाज झाला, एवढा तपशील पुरविला. एकांकिकेला याहून अधिक साहित्य लागत नाही. १९२९ मध्ये चूफूच्याच अध्यापक विद्यालयातील विद्यार्थ्यांनी तिचा प्रयोग केला. कुंग घराण्यातील मंडळींनी थेट शिक्षणमंत्रालयाकडे तक्रार गुदरली. चौकशी झाली आणि मुख्याध्यापकांची बदली होऊन प्रकरण मिटले. लेखक लू शुन यांनी या प्रकरणाची कागदपत्रे जुळवून प्रसिद्ध केली, आणि ती वाचताना एकांकिकेपेक्षा कागदपत्रेच अधिक विनोदी वाटतात.

यानंतर अकरा वर्षांनी फेई मू यांनी ‘कुंग फूत्झ’ काढला तेव्हा प्रसंग विनोदाचा राहिला नव्हता. नोव्हेंबर १९३७ पासून शांघायची परकीय वसाहत चहूबाजूंनी जपानी फौजांनी वेढलेल्या एखाद्या बेटासारखी होती, आणि त्या वसाहतीत ऐतिहासिक पोशाखी चित्रपटांचे अमाप पीक आले होते. १९३९ चा ‘मूलान सैन्यात भरती होते’ हा त्यांतला सर्वांत गाजलेला. वर्तमानावर बोलण्याची चोरी असली म्हणजे लोक भूतकाळावर बोलतात. परंतु कन्फ्यूशियसचे नाव घेणे यात एक विशेष अडचण होती, ती ही की या नावावर त्या वेळी सर्वांचाच दावा होता. १९३२ मध्ये मांचूरियात स्थापन केलेल्या बाहुल्या राज्याच्या समर्थनार्थ जपानी मुत्सद्दी राजधर्माची प्राचीन भाषा वापरीत होते. च्यांग कै-शेक यांनी १९३४ मध्ये सुरू केलेल्या नवजीवन चळवळीचा सारा डोलारा त्याच परंपरेवर उभा होता. आणि १९१९ पासूनचे सुधारक कन्फ्यूशियसचे दुकान बंद करा म्हणून ओरडत आले होते. या तिन्ही पक्षांपैकी कोणाच्याही ताब्यात न जाणारा कन्फ्यूशियस दाखविणे हे फेई मू यांनी मनाशी घेतले.

नव्याने स्थापन झालेल्या मिन्हुआ या संस्थेचा हा पहिलाच चित्रपट. इतर पोशाखी पट काही दिवसांत उरकले जात असताना यावर जवळजवळ वर्ष खर्ची पडले आणि खर्च सुमारे १,६०,००० युआनपर्यंत गेला. मुख्य भूमिकेसाठी तांग ह्वाइचिउ हे रंगभूमीवरील जाणते नट घेतले. १९ डिसेंबर १९४० रोजी शांघायच्या जिनछंग चित्रगृहात तो प्रथम दाखविला गेला.

या चित्रपटाची मांडणी समजून घेणे अगत्याचे आहे. फेई मू यांना चिनी संगीतनाटकाचा नाद होता, पुढे १९४८ मध्ये त्यांनी संगीतनट मेइ लानफांग यांना घेऊन चीनचा पहिला रंगीत चित्रपट काढला तोही संगीतनाटकावरूनच, आणि ‘कुंग फूत्झ’मध्ये या नादाचा उपयोग त्यांनी नाट्य वाढविण्यासाठी न करता कमी करण्यासाठी केला आहे. पात्रे चौकटीत समतोल उभी राहतात, कॅमेरा फारसा हलत नाही, पार्श्वभूमीचे नेपथ्य जवळजवळ रिकामे असते, आणि ज्या ठिकाणी कोणीही दुसरा दिग्दर्शक मुखाजवळ जाऊन अश्रू टिपील तेथे हा दिग्दर्शक दोन पावले मागे राहतो. विधी, संयम, उभे राहण्याची आणि वाकण्याची रीत यांवर जो पुरुष आयुष्यभर बोलत राहिला, त्याच्या विचाराला चित्रचौकटीच्या शिस्तीतच रूप द्यावयाचे, ही कल्पना मला या विषयावरील सर्व प्रयत्नांत अत्यंत मर्मग्राही वाटते. पात्राच्या तोंडी सुभाषिते घालून जे साधत नाही ते येथे नुसत्या अंतरातून साधते. शिवाय चित्रपटाचा भर राज्यकारभारातील यशावर नसून भटकंतीवर, शिष्यांच्या मरणावर आणि वृद्धापकाळच्या एकाकीपणावर आहे. वेढलेल्या शहरातील प्रेक्षकाला त्यातून काय वाचावयाचे ते सांगण्याची गरज नव्हती.

आपल्याकडचे एक उदाहरण येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्याच १९४० मध्ये पुण्यात प्रभातने ‘संत ज्ञानेश्वर’ काढला, आणि त्याआधी चार वर्षे ‘संत तुकाराम’. दामले-फत्तेलाल यांच्यापुढेही विचारवंताचे चरित्र हाच प्रश्न होता. पण त्यांच्या हाताशी दोन साधने होती जी फेई मू यांच्याजवळ नव्हती. एक म्हणजे अभंग, ज्यात विचार आणि गाणे वेगळे करता येत नाही. आणि दुसरे म्हणजे चमत्कार. भिंत चालते, रेडा वेद म्हणतो, इंद्रायणीतून वह्या वर येतात, आणि विचाराचा प्रभाव प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसतो. कन्फ्यूशियस अद्भुत घटना आणि भुतेखेते यांविषयी बोलत नसे अशी शिष्यांची साक्ष आहे. म्हणजे त्याच्या चरित्रकाराला ‘ट्रिक सीन’ची सोय चरित्रनायकानेच बंद करून ठेवली आहे.

फेई मू यांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९४८ मध्ये त्यांनी ‘लहान गावातील वसंत’ हा चित्रपट काढला, ज्याला २००५ मध्ये हाँगकाँगच्या परीक्षकांनी सर्व चिनी चित्रपटांत अग्रस्थान दिले. १९५१ च्या जानेवारीत, पंचेचाळिशीही न गाठता, ते हाँगकाँगमध्ये वारले. ‘कुंग फूत्झ’ १९४८ मध्ये पुन्हा एकदा झळकून नाहीसा झाला. त्याच्या चित्रफिती कोठे गेल्या याची चौकशी करण्याचे दिवसही नव्हते. नोव्हेंबर १९६६ मध्ये बीजिंगहून आलेल्या, सांस्कृतिक क्रांतीतील लाल रक्षकांनी चूफूला कन्फ्यूशियसच्या समाधीवरील शिळा फोडली, कुंग घराण्याच्या कबरी उकरल्या. १९७३-७४ मध्ये माओचा मर्जीतून उतरलेला सहकारी लिन पियाओ आणि कन्फ्यूशियस या दोन नावांची एकत्र निंदा करण्याची देशव्यापी मोहीम निघाली. २००१ मध्ये हाँगकाँगच्या चित्रपट अभिलेखागाराकडे नाव न सांगणाऱ्या एका दात्याकडून नायट्रेटची एक जीर्ण प्रत आली. इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेत तिची दुरुस्ती झाली आणि २००९ मध्ये हाँगकाँगच्या महोत्सवात ती प्रेक्षकांपुढे आली. मुख्य पटाबरोबर काही मिनिटांचे सुटे तुकडेही मिळाले होते, ज्यांची मूळ जागा ठरविण्याचे काम अभिलेखागारातील मंडळींना काही काळ पुरले.

मधल्या काळातील एका चित्रपटाचा उल्लेख मात्र करावयास हवा, तो मोझी या दुसऱ्या प्राचीन तत्त्वज्ञाच्या संप्रदायावरील. २००६ मध्ये जेकब च्यांग यांनी काढलेल्या ‘मो गुंग’ या चित्रपटात अँडी लाउ यांनी केलेला ग ली हा मोझीपंथी एकटाच लिआंग नावाच्या चार हजार वस्तीच्या नगराचे रक्षण करावयास येतो आणि समोर झाव राज्याची एक लाखाची फौज उभी असते. मूळ कथा साकेमी केनइची या जपानी लेखकाची, आणि तिचा प्रवास जपानी चित्रकथेतून झालेला. युद्ध करू नये आणि दुबळ्याच्या तटबंदीचे रक्षण मात्र करावे हा मोझीचा सिद्धान्तच मुळी कृतीचा असल्यामुळे त्याला पडद्यावर येण्यास आडकाठी नव्हती. तट, खंदक, भुयारे हीच त्या तत्त्वज्ञानाची टीका आणि भाष्ये.

हू मेइ यांची चूक, असे मला वाटते, ही की त्यांनी मोझीपंथीयाला शोभणारा चित्रपट कन्फ्यूशियसच्या नावे काढावयास घेतला. वास्तविक त्यांची तयारी लहान नव्हती. बीजिंग चित्रपट अकादमीतून १९८२ मध्ये बाहेर पडलेल्या प्रख्यात तुकडीतील त्या एक. सम्राट युंगझेंग आणि हान सम्राट वू यांच्यावरील त्यांच्या भव्य दूरदर्शन मालिका चीनभर पाहिल्या गेलेल्या. छायालेखनासाठी पीटर पाउ, संगीतासाठी झाव जिपिंग, नान्झीच्या भूमिकेत झोउ शून आणि नायकाच्या भूमिकेत हाँगकाँगच्या पिस्तुलपटांनी घडविलेला चाऊ युन-फॅट. या निवडीवर चीनमध्ये पुष्कळ नाके मुरडली गेली, पण मला ती तक्रार ग्राह्य वाटत नाही. शिणलेला, खांदे उतरलेला वृद्ध म्हणून चाऊ युन-फॅट उत्तरार्धात शोभतो, आणि जेथे तो शोभत नाही तेथे दोष पटकथेचा आहे.

पटकथेने पूर्वार्ध सारा दरबाराला वाहिला आहे. इ. स. पूर्व ५०० मधील ज्यागूची भेट, जेथे लू आणि ची या दोन राज्यांचे अधिपती तहासाठी एकत्र आले, ती सिमा चियाननेच रंगवून सांगितली असल्यामुळे चित्रपटात येणे योग्यच. पण तेथे कन्फ्यूशियसने गाड्यांच्या ताफ्याने सैन्याचा आभास उत्पन्न करून शत्रूला चकविल्याचे जे दाखविले आहे, ते या कनिष्ठ सरदाराच्या चरित्रातून नव्हे, तर तीन राज्यांच्या युद्धकथांतून उचलल्यासारखे दिसते. पुढे तटावरील लढाई, आगीचे बाण, धुराचे लोट. संवादसंग्रहात मात्र वेइच्या अधिपतीने व्यूहरचनेविषयी विचारले तेव्हा यज्ञपात्रांविषयी आपल्याला थोडे ठाऊक आहे, सैन्याविषयी आपण शिकलो नाही, असे सांगून हा गृहस्थ दुसऱ्या दिवशी राज्य सोडून निघाला, असा प्रसंग आहे. त्यात गुरूची ताठ मान, यजमानाचा अपमान, पुढील उपासमारीची खात्री, सारे आहे; पण तलवार नाही.

उत्तरार्ध पुष्कळच सरस आहे. नान्झीची भेट झोउ शूनने अशी काही वठविली आहे, की प्रेम, कुतूहल आणि राजकारण यांपैकी राणीला नक्की काय हवे आहे ते शेवटपर्यंत कळू नये. बदलौकिकाची स्त्री तुमच्या करुणेत बसते की नाही, हा तिचा प्रश्न चित्रपटातील बहुधा एकमेव खराखुरा तात्त्विक क्षण आहे. छन आणि त्साइ यांच्यामधील वेढ्यात, उपाशी शिष्यांत वाटीभर रस्सा हातोहात फिरतो आणि गुरू तंतुवाद्य छेडीत बसतो, तोही प्रसंग चांगला. मात्र यान हुइच्या मृत्यूपाशी येताच दिग्दर्शिकेचा धीर सुटतो. गोठलेल्या तळ्यावरून जाताना गाडी बर्फ फोडून खाली जाते, बांबूपट्ट्यांवरील ग्रंथ बुडतात आणि शिष्य ते काढण्यासाठी पुनःपुन्हा पाण्यात उतरून प्राण गमावतो. चमत्कार वर्ज्य असल्यामुळे येथे वह्या आपण होऊन वर येत नाहीत, माणूस खाली जातो. दृश्य म्हणून ते परिणामकारक आहे यात शंका नाही. पण त्यासाठी मूळचा जो प्रसंग टाकून द्यावा लागला त्याची किंमत फार मोठी आहे, आणि त्याकडे मी शेवटी येतो.

चित्रपट २२ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला तो दोन कज्जे बरोबर घेऊनच. पंचाहत्तराव्या पिढीचे वंशज म्हणविणाऱ्या एका गृहस्थाने नान्झीच्या प्रसंगांना हरकत घेऊन ते कापण्याची मागणी केली. १९२९ च्या अर्जातील मजकूर एक्याऐंशी वर्षांनी नव्या शिक्क्यानिशी रुजू झाला, एवढेच. दुसरे प्रकरण सरकारी मेहेरबानीचे होते. चिनी चित्रगृहांत त्या वेळी ‘अवतार’ हा अमेरिकन चित्रपट तुफान चालला होता. त्याच्या साध्या, द्विमितीय प्रती ऐन भरात उतरवून ती चित्रगृहे कन्फ्यूशियसला मोकळी करून दिल्याची वार्ता पसरली आणि लोकांनी गुरुवर्यांवर राग काढला. प्रेक्षागृहे ओस दिसू लागताच काही ठिकाणी ‘अवतार’ परत लावावा लागला. ज्याने आयुष्यभर राजाश्रय शोधला आणि तो मिळाला नाही, त्याला अडीच हजार वर्षांनी तो मिळाला तेव्हा अशा रीतीने.

राजाश्रयाचे हे प्रकरण तेथेच संपले नाही. सेऊल येथे २००४ मध्ये पहिली कन्फ्यूशियस संस्था उघडून चीन सरकारने हे नाव परराष्ट्रव्यवहाराच्या कामी लावलेच होते. जानेवारी २०११ मध्ये तिआनानमेन चौकालगत, राष्ट्रीय संग्रहालयाच्या बाहेर, त्याचा साडेनऊ मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. एप्रिलमध्ये एका रात्रीत तो तेथून हलविला गेला. खुलासा समाधानकारक झाला नाही. उलट २००७ मध्ये बीजिंग विद्यापीठाचे ली लिंग यांनी कन्फ्यूशियसला बेवारस कुत्र्याची उपमा देणाऱ्या शीर्षकाचे पुस्तक लिहिले तेव्हा परंपराभिमान्यांनी गहजब केला होता. आणि ही उपमा तर सिमा चियानच्या चरित्रात एका वाटसरूने दिलेली असून, झिगोंग या शिष्याने ती ऐकविली तेव्हा गुरू हसला आणि वर्णन बरोबर आहे म्हणाला, असे तेथेच लिहिले आहे.

आता तो टाकून दिलेला प्रसंग. संवादसंग्रहाप्रमाणे यान हुइ मेला तेव्हा त्याच्या दरिद्री बापाने गुरूकडे येऊन, तुमची गाडी विकून मुलाला बाहेरची शवपेटी करून द्या, अशी विनवणी केली. गुरूने नकार दिला. माझाही मुलगा मेला, त्यालाही एकच पेटी होती, आणि मी दरबारात बसलेला माणूस असल्यामुळे मला पायी चालणे शोभणार नाही, असे कारण दिले. आणि याच मृत्यूवर तो इतका रडला की शोकाला मर्यादा असावी असे शिकविणाऱ्याने ती ओलांडल्याचे शिष्यांना बोलून दाखवावे लागले. विधीवरील निष्ठा आणि माणसावरील माया एकाच पुरुषात एकाच घटकेस एकमेकींवर उठलेल्या, दोहोंपैकी कोणतीही खोटी नाही, आणि आपल्याला त्याचा नकार पटत नसतानाही तो कळतो आहे, अशा पेचासाठी नाटककार आयुष्य घालवितात. हू मेइ यांनी तो तळ्याच्या बर्फाखाली घातला. पुढे कोणी तिसरा कन्फ्यूशियस काढावयास निघाला तर त्याने आरंभ येथून करावा. त्याला घोडदळ लागणार नाही, आगीचे बाण लागणार नाहीत, आणि दोन वृद्ध नट व एक जुनी गाडी यांचा खर्च निर्मात्याच्या अंदाजपत्रकात एका ओळीत मावेल.